भूल उतरतानाचा काळ : शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेच्या इतिहासातील एक प्रकरण

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्या ग्रंथालयांत आढळतात, त्यांमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसास एखाद्या राज्यारोहणाच्या तिथीइतके महत्त्व दिलेले असते. त्या दिवशी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट नावाच्या रोग्यास ईथरची भूल दिली आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. या प्रसंगाची चित्रे निघाली. भूल देण्याच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावर पुढे जो कलह माजला त्यावरही बरेच लिहिले गेले. शुद्धीवर आल्यावर ॲबट काय म्हणाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यास त्या खोलीतून हलविल्यानंतर त्याच्या उशाशी कोण बसले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा न विचारलेला प्रश्न आहे. भूल देणे थांबल्यापासून रोगी हाकेला ओ देऊ लागेपर्यंतचा जो काळ, तो शस्त्रवैद्याचाही नसतो व रोग्याचाही नसतो. शस्त्रवैद्याचे काम संपलेले असते आणि रोगी अजून स्वतःच्या ताब्यात आलेला नसतो. या काळासाठी स्वतंत्र जागा, स्वतंत्र माणसे व स्वतंत्र नोंद असावी ही गोष्ट आज इतकी उघड वाटते की, ती सर्वमान्य होण्यास ईथरच्या त्या प्रयोगानंतर सुमारे शंभर वर्षे लागली हे वाचून अभ्यासक चकित होतो. एवढा विलंब का लागला, याची काही कारणे येथे तपासावयाची आहेत.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, ज्ञानाचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. भुलेच्या अमलाखाली असलेल्या रोग्याचा जबडा सैल पडतो, जीभ मागे सरकते व श्वासमार्ग अडतो. तो उताणा असताना त्यास ओकारी झाल्यास अन्न श्वासनलिकेत उतरते, कारण ठसका लागण्याची नैसर्गिक क्रियाही त्या वेळी निद्रिस्त असते. पट्टीच्या आत रक्तस्राव चालू राहिला तर रोगी त्याविषयी सांगू शकत नाही. रोगी गारठू नये म्हणून अंथरुणात ठेवलेल्या गरम पाण्याच्या बाटलीने त्याची कातडी भाजली, तरी तो पाय मागे घेत नाही. यांतील बहुतेक गोष्टी एकोणिसाव्या शतकात माहीत होत्या. खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा करण्याची युक्ती हायबर्ग आणि एस्मार्क यांनी १८७० नंतरच्या दशकात वर्णन केली होती. तिला उपकरण लागत नाही, औषध लागत नाही. दोन हात लागतात आणि ते योग्य क्षणी तेथे असावे लागतात. पुढे १९२० साली आर्थर ग्वेडेल यांनी ईथरच्या भुलेच्या पायऱ्यांचे जे कोष्टक सिद्ध केले, त्यावरून हेही दिसून आले की रोगी ज्या पायऱ्यांनी खाली उतरतो त्याच पायऱ्यांनी वर येतो. म्हणजे उतरताना जी धडपड, ओकारी आणि श्वासाची अनियमितता आढळते ती परतीच्या वाटेवरही भेटते. फरक एवढाच की, उतरताना त्याच्या डोक्याशी एक जाणता मनुष्य उभा असतो आणि परतताना पुष्कळदा कोणीच नसते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. रुग्णालयांच्या रचनेविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८६३ सालच्या आवृत्तीत त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदविले आहे. खेडेगावांतील लहान इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून एखादा कोनाडा किंवा लहानशी खोली असते, आणि शस्त्रक्रियेचा तात्कालिक परिणाम ओसरेपर्यंत रोग्यास तेथे ठेवले जाते, असे त्या सांगतात. आजच्या ‘रिकव्हरी रूम’ची पूर्वपीठिका म्हणून हे निरीक्षण नेहमी उद्धृत केले जाते, परंतु त्यातील ‘लहान इस्पितळ’ या शब्दांकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. ही सोय राजधानीतील मोठ्या रुग्णालयाची नव्हती. जेथे जागाच तुटपुंजी होती, तेथे ती आपोआप झालेली होती. मोठ्या रुग्णालयांचा विचार त्या काळी निराळ्याच दिशेने चालला होता. दूषित हवेने जखमा चिघळतात या समजुतीमुळे कक्ष एकमेकांपासून दूर, लांबट व हवेशीर बांधावे अशी पद्धत रूढ झाली, आणि तिच्या सर्वांत प्रभावी पुरस्कर्त्या स्वतः नाइटिंगेलच होत्या. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाची १८७१ साली उघडलेली इमारत याच धाटणीची आहे. या रचनेने हवा मिळाली, पण शस्त्रक्रियेची खोली आणि रोग्याची खाट यांमधील अंतर वाढले. ज्या विदुषीने त्या लहान खोलीचे महत्त्व टिपून ठेवले, तिच्याच आवडत्या वास्तुरचनेत त्या खोलीस जागा उरली नाही. यात नाइटिंगेलबाईंना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्या समोर जे मृत्यू होते ते प्रामुख्याने जखमा सडून होणारे मृत्यू होते, आणि त्यांच्या मानाने भूल उतरताना दगावणारे रोगी नजरेत भरण्यासारखे नव्हते.

ते नजरेत भरत नव्हते याचे आणखी एक कारण मोजदादीच्या पद्धतीत दडलेले आहे. क्लोरोफॉर्मचा वापर एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये सुरू केला आणि अवघ्या काही आठवड्यांनी, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेच्या वेळी त्या औषधाने दगावली. तेव्हापासून ‘क्लोरोफॉर्मचा मृत्यू’ ही एक स्वतंत्र जात मानली जाऊ लागली. जॉन स्नो यांनी अशा मृत्यूंची प्रकरणे एकेक करून तपासली. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८५८ साली प्रसिद्ध झाला व आजही तो चिकित्सक बुद्धीचा नमुना म्हणून वाचावा असा आहे. पण या जातीत प्रवेश मिळण्यासाठी मृत्यू मेजावर, शक्यतो औषध हुंगविले जात असतानाच, घडावा लागे. तोच रोगी तासाभराने कक्षातील खाटेवर निपचित सापडला तर कारणाच्या रकान्यात ‘शॉक’, ‘क्षीणता’ अथवा मूळ रोगाचे नाव पडण्याचीच शक्यता अधिक. ज्यास नावच नाही त्याची संख्या कोण ठेवणार?

या दृष्टीने हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगांची हकीकत थोडी विस्ताराने पाहण्याजोगी आहे. निजामाचे राज्य त्या काळी मराठवाड्यासही सामावून घेत असल्यामुळे आपणांस तिच्याविषयी अधिक जिज्ञासा असावी हेही स्वाभाविक आहे. हैदराबादेतील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेतले. रोग्यास क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा, ही त्या परंपरेची शिकवण होती. उलट लंडनमध्ये क्लोरोफॉर्म हृदयास थेट बंद पाडते असे मानणारा पक्ष प्रबळ होता. १८८८ साली निजाम सरकारच्या आश्रयाने लॉरी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून श्वसन आधी थांबते व हृदय नंतर, असा निर्णय दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकास तो मान्य झाला नाही. तेव्हा निजाम सरकारने १,००० पौंड देऊ करून त्या साप्ताहिकालाच आपला प्रतिनिधी पाठविण्यास सांगितले. त्याप्रमाणे १८८९ साली लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. येताना त्यांचे मत लॉरींच्या विरुद्ध होते. प्रयोग पाहून ते बदलले. दुसऱ्या आयोगानेही पहिल्याचाच निष्कर्ष उचलून धरला. याच विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांनी पुढे हैदराबादेत क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

लॉरी यांचा सिद्धांत टिकला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच हृदयाचे ठोके अकस्मात विस्कळित होऊन मृत्यू येऊ शकतो. त्यानंतर हैदराबादच्या आयोगांचे नाव इतिहासात बहुधा एका भव्य चुकीचे उदाहरण म्हणून येते. मला या निवाड्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. मेजावरील आकस्मिक मृत्यूंविषयी लॉरी चुकले हे निर्विवाद आहे. परंतु मेजावरून खाटेवर आलेल्या रोग्यापुरते पाहिले, तर ‘श्वासाकडे पाहा’ या त्यांच्या सूत्राइतके उपयुक्त सूत्र दुसरे नव्हते. खेदाची गोष्ट ही की, वादाच्या दोन्ही बाजूंनी ते सूत्र मेजापुरतेच मर्यादित ठेवले. शेकडो प्राणी खर्ची पडले, दोन खंडांतील विद्वान एकमेकांशी भांडले. आणि औषध हुंगविणे थांबल्यानंतर तो श्वास कोणी पाहावयाचा, हा प्रश्न त्या वादाचा विषय झाला नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अपवादात्मक उदाहरणे मिळतात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने भूल देण्याचे काम केले व १९०६ साली आपल्या चौदा हजारांवर प्रसंगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत भुलेमुळे घडलेला एकही मृत्यू नव्हता. परिचारिकेने स्वतःच्या नावाने असा आढावा छापावा, हे त्या काळी दुर्मिळच. १९२३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांसाठी तीन खाटांची वेगळी खोली केली. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रोगी केव्हा बिघडेल याचा नेम नसतो, म्हणून तेथे सततचा पहारा अपरिहार्य झाला. पण हर्निया किंवा आंत्रपुच्छाच्या साध्या रोग्यासही तोच धोका काही काळ असतो, हे सामान्य शस्त्रक्रियेच्या कक्षांत कोणी मनावर घेतले नाही.

आपल्याकडील एक सर्वश्रुत प्रसंग येथे आठवतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना विजेचा दिवा गेला व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकीकत महाराष्ट्रात दोन पिढ्यांनी चवीने सांगितली आहे. गांधीजींना भूल क्लोरोफॉर्मची होती. त्या रात्रीचा उर्वरित भाग, म्हणजे तो कंदील उचलून नेल्यानंतरचे तास, लोकांच्या आठवणीत तितकेसे उतरलेले नाहीत. गांधीजींना स्वतःला मात्र त्याचे विस्मरण झाले नाही. ५ फेब्रुवारीस सुटका झाल्यावर त्यांनी शस्त्रवैद्याबरोबर तेथील परिचारिकांविषयीही कृतज्ञता प्रकट केली. लोकस्मृती मेजावर का थांबते आणि खाटेपर्यंत का जात नाही, याचे उत्तर मला असे वाटते की मेजावर काहीतरी घडते. खाटेशी सर्व काही नीट चालले असेल तर काहीच घडत नाही. शुश्रूषा यशस्वी झाली की तिची हकीकत उरत नाही. इतिहासकाराची अडचण इथूनच सुरू होते. शस्त्रवैद्याचा शोधनिबंध छापला जातो, परिचारिकेचा नाडीचा तक्ता रोगी घरी गेला की निरुपयोगी ठरतो.

परिवर्तन घडले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि ते कोणत्याही नव्या शोधामुळे घडले नाही. अमेरिकेतील रुग्णालयांत ऐपतदार रोग्यासाठी स्वतंत्र परिचारिका लावण्याची प्रथा होती. खाटेशी एक मनुष्य बसे आणि भूल उतरेपर्यंतची चिंता मिटे. युद्धाने परिचारिकांना सैन्याच्या इस्पितळांत नेले. उरलेल्या थोड्या हातांत पुष्कळ रोगी सांभाळावयाचे, तर रोगी निरनिराळ्या मजल्यांवर विखुरलेले ठेवून चालणार नव्हते. त्यांना एकत्र आणणे भाग होते. १९४२ साली रॉचेस्टर येथेच जॉन लंडी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या निरीक्षणासाठी खोली सुरू केली. त्यानंतर १९४४ साली न्यूयॉर्क हॉस्पिटल व १९४५ साली न्यू ऑर्लिन्सचे ऑक्स्नर क्लिनिक यांनी तसेच केले. नाइटिंगेल यांनी पाहिलेला तो गावाकडचा कोनाडा ज्या कारणाने निर्माण झाला होता, म्हणजे चणचण, त्याच कारणाने तो महानगरात पुन्हा अवतरला.

याच सुमारास औषधेही बदलत होती. लंडी यांनी प्रचारात आणलेल्या थायोपेंटोनने रोगी क्षणात झोपी जाई, पण मात्रा वाढली की त्याची झोप लांबत असे. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ यांनी कुरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या विषाचा उपयोग शस्त्रक्रियेत केला आणि एक नवाच धोका उत्पन्न झाला. ईथरचा रोगी शुद्धीवर येऊ लागला की त्याचा श्वासही बळावत असे. कुरारेचा अंमल उरलेला रोगी शुद्धीवर असूनही छाती पुरेशी फुगवू शकत नसे. डोळे उघडे, ओठ हलत आहेत, म्हणून कक्षातील परिचारिकेने निश्चिंत व्हावे आणि रोगी हळूहळू गुदमरत जावा, असा हा धोका होता. डोळे उघडणे हे आता सुरक्षिततेचे चिन्ह राहिले नाही.

खोली झाली, पण ती युद्धकाळातील तात्पुरती तडजोड म्हणून बंदही झाली असती. ती टिकली याचे श्रेय मी मोजदादीला देतो. फिलाडेल्फियातील वैद्यकीय संस्थेने शस्त्रक्रियेनंतर घडणाऱ्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमले होते. वैद्य एकत्र बसत, प्रत्येक मृत्यूची कागदपत्रे पाहत, आणि हा मृत्यू टाळता आला असता काय असे स्वतःस विचारीत. त्यांच्या ११ वर्षांच्या कामाचे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे टाळता येण्याजोगे होते, आणि त्यांच्या कारणांत शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीची उणीव ठळक होती. या चौकशीचे मर्म तिच्या सीमारेषेत आहे. जुन्या नोंदींत सीमा मेजाची होती, या नोंदींत ती घड्याळाची झाली. मेजाऐवजी चोवीस तास ही कक्षा धरताच, शंभर वर्षे निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले मृत्यू एका ठिकाणी गोळा झाले. १९४९ साली न्यूयॉर्कमधील एका समितीने आधुनिक शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयास अशी खोली आवश्यकच आहे असे मत दिले. पुढे १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी १९४८ ते १९५२ या काळातील दहा संस्थांतील ५,९९,५४८ भुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत भुलेशी संबंध असलेल्या मृत्यूंचे प्रमाण दर १,५६० रोग्यांत एक असे आले. स्नायुशिथिलके दिलेल्या रोग्यांत ते ३७० मागे एक, तर न दिलेल्यांत २,१०० मागे एक असे होते. औषधच मुळात विषारी आहे, असा त्या लेखकांचा कल दिसतो. टीकाकारांनी उलट असे म्हटले की, दोष औषधापेक्षा अपुऱ्या श्वसनाकडे झालेल्या दुर्लक्षाचा आहे. पुढील अनुभवाने टीकाकारांची बाजू बळकट केली, कारण ती औषधे राहिली आणि मृत्यू घटले.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. परिचारिकांची टंचाई हे जर या खोलीच्या जन्माचे कारण, तर ती सर्वांत आधी हिंदुस्थानात जन्मावयास हवी होती. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाप्रमाणे या देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. याहून मोठी टंचाई ती कोणती? आक्षेप योग्य आहे, आणि त्यामुळे माझ्या विधानास मर्यादा घालणे प्राप्त आहे. टंचाई नेहमीची असली की ती टंचाई म्हणून जाणवत नाही. अमेरिकेत प्रत्येक खाटेशी एक माणूस ही अपेक्षा आधी होती, मग ती एकाएकी मोडली, म्हणून पर्याय शोधावा लागला. आपल्याकडे ती जागा घरच्या माणसांनी भरून काढलेली होती. रोग्याची आई, बहीण किंवा गावाकडून आलेला चुलता खाटेच्या पायथ्याशी बसत असे, पंख्याने वारा घालीत असे, त्याने पाणी मागितले तर देऊ की नको म्हणून घोटाळत असे. नातलगाची ही बसणी प्रेमाची होती, जागृतही होती. पण जबडा कसा उचलावा हे तिला कोणी शिकविलेले नव्हते. खाट रिकामी दिसत नसल्यामुळे रुग्णालयाच्या व्यवस्थेस तेथे काही उणे आहे असेही भासले नाही. भूलशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना आणि परिचारिकांच्या शिक्षणाचे नियमन करणारा कायदा या दोन्ही गोष्टी १९४७ सालच्या आहेत. त्यानंतरच हा काळ कोणाच्या जबाबदारीचा, हा प्रश्न आपल्याकडे रीतसर विचारला जाणे शक्य झाले.

या जबाबदारीस नेमके रूप दिले ते १९७० साली आल्द्रेते व क्रूलिक यांच्या गुणपद्धतीने. नवजात अर्भकासाठी व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली जे कोष्टक केले होते, त्याचाच हा धर्तीवर बेतलेला विस्तार होता. हालचाल, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्धी आणि वर्ण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण; एकूण दहा. साधारणतः नऊ गुण झाल्याखेरीज रोग्यास कक्षात हलवू नये. शुद्धीच्या रकान्यात पूर्ण जागा असलेल्यास दोन, हाक मारल्यावर जागा होणाऱ्यास एक आणि हाकेला प्रतिसाद न देणाऱ्यास शून्य. आपल्या आया-बहिणी खाटेशी बसून ‘बाळू, ए बाळू’ म्हणून जी हाक मारीत आल्या, तिलाच येथे एका गुणाचे मोल मिळाले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पाचांपैकी वर्णाचा रकाना मात्र टिकला नाही, आणि त्याची कथा बोधक आहे. ओठ-नखे निळी पडली की प्राणवायू कमी झाला, हे परिचारिकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकविले गेले. पण १९४७ सालीच कॉम्रो व बोटेल्हो यांनी दाखवून दिले होते की, रक्तातील प्राणवायूची संपृक्तता सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत बहुसंख्य निरीक्षकांना तो निळेपणा खात्रीने ओळखता येत नाही. सावळ्या कातडीवर तर ही अडचण आणखी वाढते. ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावरून बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर तयार झाला आणि १९९५ साली आल्द्रेते यांनी आपल्या कोष्टकातून वर्ण काढून त्या जागी या यंत्राचा आकडा घातला. २०२० च्या साथीत हेच यंत्र महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील एका अभ्यासाने असे निदर्शनास आणले की, कृष्णवर्णीय रोग्यांत प्राणवायूची घट या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आहे. वर्णाचा रकाना डोळ्यांच्या मर्यादेमुळे गेला. ज्या यंत्राने त्याची जागा घेतली त्यासही वर्णाची बाधा आहेच. म्हणून आजही भूल उतरण्याच्या खोलीत परिचारिका पडद्यावरील आकडा वाचते आणि मग रोग्याच्या छातीकडे पाहते, नाकाशी हात धरते व त्यास नावाने हाक मारते.